जावई दोन, वऱ्हाड सात

दिल्लीत कोणाला कोणतं खातं मिळणार, हे नागपूरच्या सक्करदऱ्यात आधी कळतं. जून २०२४ मध्ये चौकातल्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर रोज सकाळी एक मंत्रिमंडळ बनायचं आणि प्लेट धुवायला जायच्या आत पडायचं.

अडचण हिशेबाची होती. बहुमताला २७२ हवेत, भाजपकडे २४०. मागच्या दोन खेपांना २८२ आणि ३०३ घेऊन आलेल्या घराला जावयांची गरजच कधी पडली नव्हती. या वेळी एकदम दोन करावे लागले. चंद्राबाबू, सोळा खासदारांचे धनी, नितीशकुमार, बाराचे. दोघांचाही रुसून सासुरवाडी बदलण्याचा अनुभव दांडगा. त्यामुळे २३ जुलैच्या अर्थसंकल्पात आहेर घसघशीत झाला: अमरावतीसाठी १५ हजार कोटी, बिहारच्या रस्त्यांना २६ हजार कोटी. (अमरावती म्हणजे आंध्रातली. आपल्या अमरावतीकरांनी उगाच पेढे वाटू नयेत.)

पण दोन्ही जावई धरूनही बेरीज २६८ च होते. चार कमी. ते चार कुठून आले? शिवसेनेच्या एकनाथ शिंदेंचे सात खासदार तिथेच तर उभे होते. मात्र मानपानाचा नियम असा, की घरच्या माणसाला पाट मिळत नाही, त्याच्या हाती वाढायचं भांडं मिळतं. मांझींच्या पक्षाचा खासदार एक, त्याला कॅबिनेट. कुमारस्वामींचे दोन, कॅबिनेट. चिराग पासवानचे पाच, कॅबिनेट. शिंदेंच्या सातांत बुलढाण्याचे प्रतापराव जाधव तेवढे राज्यमंत्री झाले, स्वतंत्र प्रभार, खातं आयुष. त्या सातांतल्याच श्रीरंग बारणेंनी हा हिशेब चारचौघांत मांडला. आमच्याकडे मात्र दुःख नव्हतं. सरकारी आयुर्वेद कॉलेज सक्करदऱ्यातच असल्यामुळे हे खातं थेट वॉर्डात आल्यासारखं वाटलं.

गोंदियाच्या प्रफुल्लभाई पटेलांचं दुखणं निराळं. एकेकाळी पहिल्या पंगतीत बसलेला माणूस. त्यांना राज्यमंत्रिपदाचं, म्हणजे दुसऱ्या पंगतीचं बोलावणं आलं. ते न जेवताच उठले. ठेल्यावर यावर एकमत झालं, की भूक असती तर बसले असते.

शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी, १० जूनला, इथून हाकेच्या अंतरावर रेशीमबागेत सरसंघचालक बोलले. खऱ्या सेवकाला अहंकार नसतो, म्हणाले. मणिपूर वर्षभर शांततेची वाट पाहतंय, हेही म्हणाले. नाव कोणाचं घेतलं नाही. त्यामुळे दिल्लीत प्रत्येकाने ते शेजारच्याला उद्देशून होतं असं धरलं. ऑगस्टात केंद्र सरकारच्या थेट भरतीची (लॅटरल एन्ट्री) ४५ पदांची जाहिरात आली, चिरागने नाक मुरडलं आणि तीन दिवसांत ती मागे घेतली गेली. वडीलधाऱ्यांच्या उपदेशापेक्षा पाच खासदारांचं नाक लवकर कामी येतं.

आता वऱ्हाडाचं. ९ जूनच्या मांडवात सात देशांचे पाहुणे होते. नेपाळचे प्रचंड घरी गेले आणि १२ जुलैला संसदेत विश्वासमत हरले. ५ ऑगस्टला शेख हसीनांना देश सोडावा लागला. सप्टेंबरात श्रीलंकेचे विक्रमसिंघे निवडणूक हरले, नोव्हेंबरात मॉरिशसचे जगन्नाथ. वर्ष संपायच्या आत सातांपैकी चौघांच्या खुर्च्या गेल्या. टिकले त्यांत मालदीवचे मुइज्जू, जे ‘इंडिया आऊट’ म्हणत निवडून आले होते! ठेल्यावरचे रिटायर मास्तर म्हणाले, "पुढच्या शपथविधीचं आमंत्रण आलं तर मी नाही जात बाप्पा. मले सोसायटीचं अध्यक्षपद टिकवाचं हाय."

परराष्ट्र खात्याची खरी पंचाईत हसीनाबाईंनी केली. जूनमध्ये पाहुण्या म्हणून आल्या होत्या, ऑगस्टमध्ये मुक्कामालाच आल्या. डिसेंबरात ढाक्याने त्यांना रीतसर परत मागितलं. पाठवावं तर जुनी मैत्री मोडते, ठेवावं तर शेजार जातो. आणि शेजार जाणं आम्हाला महागात पडतं, कारण नागपुरी संत्र्याचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. ढाक्याने आयातशुल्क वाढवत वाढवत २०२३ मध्ये किलोमागे ८८ रुपयांवर नेलं आणि वरुड-मोर्शीचा माल इथेच मातीमोल झाला. तेव्हा हसीनाबाई खुर्चीवर होत्या आणि मैत्री अगदी भरात होती.

कळमन्याच्या बाजारात माल टाकून आलेल्या एका शेतकऱ्याने हे सगळं ऐकून घेतलं. तर्री वाढवून मागितली आणि विचारलं, "भाऊ, दोस्ती होती तवा अठ्ठ्याऐंशी लावले. आता बिघडली, तं कमी करतीन काय?"