नॅनोसेकंदवाले अप्पा

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अप्पा शिरले की काउंटरवरच्या पोऱ्याला अचानक चहाची आठवण होते. बाकीची गिऱ्हाइकं नंबर सांगतात, चिप घेतात, जातात. अप्पा चिपचं घराणं विचारतात. पोऱ्या एलएस काढतो. "याहून वेगवान?" एचसी काढतो. "याहून?" शेवटी मालक स्वतः मागचे डबे उपसून एफ काढतात, तेव्हा कुठे अप्पांचा चेहरा खुलतो.

हा सगळा खटाटोप एका जॉयस्टिकसाठी. अप्पांकडे झेडएक्स स्पेक्ट्रम आहे. १९८२ साली ब्रिटनमध्ये निघालेला, रबरी बटणांचा कॉम्प्युटर. प्रोसेसरने ३१ नंबरचं पोर्ट वाचायला घेतलं की जॉयस्टिक कुठे झुकली आहे ते त्याला कळवायचं, एवढंच सर्किटचं काम. दोन-तीन चिपांत भागतं.

मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. स्पेक्ट्रमचा झेड८० प्रोसेसर साडेतीन मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे एक ठोका २८६ नॅनोसेकंदांचा. पोर्ट वाचताना तो सुमारे अडीच ठोके, म्हणजे सातशेच्या वर नॅनोसेकंद, उत्तराची वाट बघतो. एलएसचं साधं गेट दहा-पंधरात उत्तर देतं. एकापुढे एक तीन लावली तरी पन्नासच्या आत.

"म्हणजे पन्नास वाया गेलेच ना?" अप्पा म्हणाले.

हेच अप्पा कॅसेटवरून खेळ चढेपर्यंत पाच-पाच मिनिटं पडद्यावरच्या रंगीत पट्ट्या बघत आनंदाने बसतात.

आधी एचसी लावून झाली. जॉयस्टिक टेबलावर निपचित, आणि पडद्यावरचा माणूस डावीकडे पळत सुटलेला. झेड८० 'एक' म्हणतो तेव्हा हमी असते २.४ व्होल्टची, एचसीला खात्री पटायला हवेत साडेतीन. मधल्या व्होल्टांना हो समजायचं की नाही, हे तिलाही ठरवता येत नाही. घरी काकूंचं 'बरं' याच पट्ट्यात येतं, त्यामुळे ही अडचण तरी अप्पांच्या ओळखीची असायला हवी होती. मालकांनी एचसीटी सुचवली. दोन व्होल्टांतही होकार ओळखणारी. "वेग?" "जवळपास तोच." "मग कशाला?"

मग एफ आली. चारेक नॅनोसेकंदांत उत्तर! पण तिचा सिग्नल इतका झटक्यात चढतो-उतरतो की ब्रेडबोर्डवरच्या लांबलचक तारांमध्ये नुसता थयथयाट झाला. प्रत्येक चिपच्या पुरवठ्याच्या पिनांशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा असतो. अप्पांनी लावला नव्हता. मध्ये काही आलं की वेग मंदावतो, हे त्यांचं ठाम मत. पाच मिनिटं घेऊन चढलेला खेळ क्षणात उडायचा.

एका दुपारी अप्पा घोरत असताना काकूंनी मला हळूच बोलावलं आणि त्याच नंबरच्या एलएस चिपा बसवून घेतल्या. पिना जिथल्या तिथे, एक तार हलवावी लागली नाही. वरची बारीक अक्षरं भिंगाशिवाय दिसत नाहीत, आणि भिंग काकूंच्या शिवणाच्या डब्यात होतं.

संध्याकाळी अप्पा तासभर खेळले. एकदाही काही अडलं नाही.

"बघितलंस? एफचा वेग हाताला जाणवतो! आपलं बोट हलायच्या आत हा उडी मारतो!"

"बरं," काकू म्हणाल्या. साधारण २.४ व्होल्टांत.