मे महिना सोडून बोला

"काकू, पितृपक्षात स्वेटर? आणि तेही गिरगावात?"

"ऊन देतेय गं. वर्षभर पेटीत होते, डांबराच्या गोळ्यांचा वास जाता जाईना. मनालीला चाललोय आम्ही."

"आत्ता? मनालीला मे महिन्यात जातात ना?"

झालं. काकूंनी हातातला स्वेटर कठड्यावर टाकला, पदर खोचला आणि गॅलरीत टेकून उभ्या राहिल्या. काकूंची ही पोझ ठरलेली आहे. अशा वेळी आपण गॅस बंद करून यावं. मी आले.

"मे महिन्यात जायची सक्ती कोणावर? ज्यांच्या घरात शाळेत जाणारं पोर आहे त्यांच्यावर. आमच्या घरात आता शाळेत जाणारं आहे कोण? सगळ्या मुंबईची सुट्टी एकदम लागते, सगळी मुंबई एकदम त्या एका दरीत उतरते आणि परत येऊन सांगते, मनाली म्हणजे नुसती गर्दी! अगं, गर्दी तुम्हीच नेलीत ना बरोबर?"

"पण बर्फ मेमध्येच—"

"बर्फ मेमध्ये गावात नसतोच मुळी. त्यासाठी रोहतांगला चढावं लागतं, तेरा हजार फुटांवर. आणि तिथे परवाना लागतो. दिवसाला १,२०० गाड्या, ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या. हरित लवादाचा हुकूम आहे. मंगळवारी रस्ता बंद. म्हणजे लालबागच्या राजाच्या नवसाच्या रांगेत उभं राहायचं, तेही भाड्याचा कोट घालून. त्या कोटात आपल्याआधी किती जण घामाघूम झाले ते त्याच्या कॉलरला विचार."

मागे काकू टूरबरोबर गेल्या होत्या, त्याचा हा राग. कुठल्या टूरबरोबर ते मी लिहीत नाही. काकू मात्र अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं सांगतात. टूरवाल्यांना सगळा दोष देणं मला पटत नाही. मे महिन्याची सवय शाळांनी लावली, कचेऱ्यांच्या एलटीसीने ती पक्की केली, टूरवाल्यांनी फक्त त्यावर दुकान थाटलं. आणि खरं सांगायचं तर १९८४ साली केसरी सुरू झाली, तिच्यासारख्या कंपन्यांनी नाश्त्याला पोहे देत देत दादर-परळची कितीतरी कुटुंबं हिमालयापर्यंत नेली. नाहीतर आमच्या सासूबाईंची धाव महाबळेश्वरच्या पुढे गेली नसती.

"मग कधी जायचं?"

"कधीही जा. बारा महिने तिथे काहीतरी असतंच. जानेवारीत बर्फ दारात येतो, सोलांगच्या उतारावर पोरं स्कीइंग शिकतात. मनालीत सरकारी गिर्यारोहण संस्था आहे, १९६१ सालापासूनची. परळचा तो आपला भाचा तिथेच जाऊन आला. मार्च संपता संपता सफरचंदाला मोहोर येतो. मोहोर म्हणजे पांढरा-गुलाबी, आपल्या आंब्यासारखा नाही हो. ऑगस्ट-सप्टेंबरात फळं उतरवतात."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात नाही जायचं." काकूंचा आवाज एकदम खाली आला. "२०२३च्या जुलैत बियासने काय केलं ते टीव्हीवर पाहिलंस ना? रस्ता गेला, काठावरची हॉटेलं गेली. नदीच्या कुशीत इमारती बांधल्या की नदी एक दिवस हिशोब मागते. सरकार १५ जुलै ते १५ सप्टेंबर राफ्टिंग आणि पॅराग्लायडिंग बंद ठेवतं ते उगीच नाही. मी बारा महिने म्हटलं ते दहाच धर."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून अण्णांनी तोंड घातलं. अण्णा गिरणीतले, तरुणपणी रविवारी पाठीला सॅक लावून निघायचे. "हिमाचल कशाला पाहिजे? कसाऱ्याला उतरा आणि भंडारदरा गाठा! पावसाआधी काजवे, मग धबधबे, मग फुलं. गिरीविहारवाले १९५४ पासून डोंगर चढताहेत, त्यांनी कधी सुट्टी लागायची वाट बघितली का?"

"अण्णा, तुमच्या भंडारदऱ्यालाही काजव्यांच्या दिवसांत गाड्यांची रांग लागते म्हणे," काकू म्हणाल्या. अण्णा आत गेले.

"तर दसऱ्याला निघायचं. आपलं सोनं वाटून झालं की गाडीत बसायचं. चंदीगडपर्यंत रेल्वे, पुढे तीनशे किलोमीटर रस्ता. आपला दसरा संपतो त्या दिवशी कुल्लूचा सुरू होतो, सात दिवस चालतो. गावोगावचे देव पालखीत बसून ढालपूरच्या मैदानात येतात. रघुनाथाचा रथ ओढतात. आणि मनालीची हिडिंबा आल्याशिवाय सुरुवातच नाही."

"हिडिंबा? भीमाची?"

"भीमाची. इथे आपण तिला राक्षसीण म्हणून पोरांना घाबरवतो, तिथे ती राजघराण्याची आजी. १५५३ सालचं देऊळ आहे तिचं, लाकडाचं, देवदारांच्या रानात. मेमध्ये गेले तेव्हा मी तिथे नुसत्या पाठी पाहिल्या."

मग बोगद्याचा विषय निघाला. तो निघणारच, कारण काकूंचे यजमान बांधकाम खात्यातले. अटल बोगदा, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, लांबी ९.०२ किलोमीटर. पूर्वी रोहतांगवर बर्फ पडला की पलीकडचा लाहौल सहा-सहा महिने तुटायचा. आजारी माणसाला हलवायला हेलिकॉप्टरची वाट बघायची. आता थंडीतही गाडी पलीकडे जाते. तिथल्या सिस्सू गावात बर्फ, शिवाय रोहतांगचा परवाना नको. मला मात्र धाकधूक वाटते. बोगद्याने लाहौलच्या लोकांची सुटका केली आणि त्याच भोकातून आपल्याला आत सोडलं. सहा महिने शांत असलेल्या खोऱ्यात आता जानेवारीतही मॅगीचे स्टॉल आणि कचऱ्याच्या पिशव्या. हे मी काकूंना म्हटलं.

"म्हणून तर सांगते, विखरून जा," त्या म्हणाल्या. "सगळे एका महिन्यात नको, एका पॉइंटवर नको. हॉटेलात टीव्ही लावून बसण्यापेक्षा गावातल्या एखाद्या घरात उतरावं, वाफवलेला सिड्डू तुपाशी खावा, सकाळी चालत बागेपर्यंत जाऊन यावं. आम्ही जुन्या मनालीच्या वरच्या अंगाला खोली घेतलीय. चढ आहे. यांचे गुडघे बोलतात, पण बोलू देत."

"थंडी?"

"दिवसा ऊन छान, रात्री दोन गोधड्या. पाऊस सरलेला असतो, आकाश धुतलेलं."

मी बराच वेळ स्वेटरांकडे बघत होते. त्यातला एक मरून रंगाचा माझ्या मापाचा वाटला.

"काकू, तुमच्या गाडीत एक बर्थ अजून मिळेल का हो?"

"वेटिंगवर मिळेल. तुझ्या ह्यांना विचारलंस का?"

"ह्यांना इतक्यात सांगू नका. त्यांनी मे महिन्याच्या टूरचा ॲडव्हान्स भरलाय."