मिस्त्रींची रील

निजामी अमदानीत नांदेड जिल्ह्यात असलेले, १९५६च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबादकडे वर्ग झालेले आणि २०१६ साली निर्मलच्या दफ्तरी रुजू झालेले मुधोळ जिल्हे बदलण्यास जितके सरावले आहे, तितकाच तेथील दुचाकीचा मिस्त्रीही माध्यमे बदलण्यास सरावला असावा. कारण जून २०२०मध्ये टिकटॉकवर बंदीचे फर्मान निघते न निघते, तोच जुलैत अवतरलेल्या इन्स्टाग्राम रीलने, प्रारंभी अवघ्या १५ सेकंदांच्या मर्यादेत का होईना, देशभरच्या गॅरेजांना आत्मप्रदर्शनाची नवी सनद बहाल केली. या कलाप्रकारात काळे ऑइल धबधब्यासारखे कोसळते आणि तेलुगू चित्रपटातील नायकाच्या पार्श्वसंगीतावर पाना हवेत गिरकी घेऊन हातात परततो.

बेअरिंगची घरघर कान लावून ओळखणे, फीलर गेजने टॅपेट जुळवणे ही दुरुस्तीच्या विद्येची खरी अंगे मात्र चित्रणास सर्वस्वी अपात्र. टॅपेटसाठी इंजिन पूर्ण थंड व्हावे लागते, आणि थंड होणारे इंजिन टक लावून पाहणारा रसिक, तो गाडीचा मालक असला तरी, अद्याप जन्मास यावयाचा आहे. शिवाय कौतुक सांगलीहून येते, सांगलीची गाडी येत नाही. बासरच्या सरस्वतीदर्शनास निघालेल्या ज्या गृहस्थाच्या क्लचची वायर वाटेत तुटते, तो अनुयायांची संख्या न तपासता समोरच्या दुकानात शिरतो. परंतु तेथेही त्याला तिष्ठावे लागते, कारण काम पाच-दहा मिनिटांचेच असले, तरी चित्रणायोग्य ऊन अजून दुकानात उतरलेले नसते.