मंगळवारी छापत नाही

‘आमचा प्रिंटर मंगळवारी चालत नाही’ असं कोणी सांगितलं, तर आपण आधी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहू आणि मग त्याच्या पत्रिकेकडे. सोमवारी छापतो, बुधवारी छापतो, मंगळवारी मात्र उपास! एखाद्याने मशीनला लिंबू-मिरची बांधून विषय तिथेच संपवला असता. पण उबुंटू या मुक्त प्रणालीच्या तक्रारवहीत २००८-०९च्या सुमारास ही तक्रार रीतसर नोंदली गेली. निरीक्षण होतं एका गृहस्थांच्या पत्नीचं. ओपनऑफिसमधून मंगळवारी काही छापलंच जात नाही, असं तिचं म्हणणं, आणि तिने ते करूनही दाखवलं. बाकीचे प्रोग्रॅम त्याच दिवशी त्याच प्रिंटरवर मुकाट छापत होते.

शोध घेता घेता माग भलत्याच दाराशी गेला. छापायला निघालेल्या फाइलमध्ये ती तयार झाल्याची तारीख असे आणि तारखेत वार. समोर आलेली फाइल कुठल्या जातीची, हे सांगणारी ‘फाइल’ नावाचीच एक छोटी आज्ञा या प्रणालीत असते. ती ठरावीक जागची अक्षरं चाचपते आणि निदान करते. तिच्या ओळखखुणांच्या यादीत एक खूण ढिली राहिली होती. इंग्रजी ‘ट्यूज्डे’ची पहिली तीन अक्षरं दिसली, की ती बेधडक सांगे, ही अर्लांग नावाच्या भाषेतली फाइल. छपाईची नव्हेच म्हटल्यावर छापायची कशाला? म्हणजे ओपनऑफिस निर्दोष, प्रिंटर निर्दोष आणि मंगळही निर्दोष.

त्या बाईंनी ‘प्रिंटर बिघडलाय मेला’ एवढंच म्हटलं असतं, तर हा उलगडा कदाचित कधीच झाला नसता. त्यांनी वार सांगितला. वार सांगणं वेडगळ दिसतं हे उघड असूनही सांगितला. चांगल्या तक्रारीचं मर्म मला इथे सापडतं.

एरवी तक्रार करण्यात आपण कमी नाही. पण आपली सुरुवात होते निदानापासून, ‘व्हायरस असणार’, आणि शेवट होतो उसाशाने, ‘पूर्वी असं नव्हतं.’ मधल्या मजकुरात आपला मानभंग असतो. मुक्त प्रणालीच्या तक्रारवहीला यातलं काहीच नको असतं. तिला तीनच गोष्टी हव्यात: तुम्ही काय केलंत, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. ‘पैसे मोजलेत आम्ही’ हे आपलं हुकमी वाक्यही तिथे चालत नाही, कारण मोजलेले नसतात. पलीकडे बसलेला माणूस बहुतेकदा दिवसभराची नोकरी आटपून, फुकट, आपली कटकट वाचत असतो.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रणालीत तक्रारीसाठी ‘रिपोर्टबग’ नावाची आज्ञा आहे. ती तुम्हाला एकदम बोलू देत नाही. आधी विचारते, तक्रार कुठल्या पॅकेजबद्दल? मग त्या पॅकेजवरच्या जुन्या तक्रारींची यादी पुढ्यात टाकते आणि विचारते, तुमचं दुखणं यात आहे का? रात्री साडेअकराला, संतापाच्या ऐन भरात, दुसऱ्यांची गाऱ्हाणी वाचायला लावणारं हे यंत्र मला मोठं मानसशास्त्रज्ञ वाटतं. यादीत आपलं दुखणं सापडलं, तर एकाच वेळी हायसंही वाटतं आणि अपमानही. नाही सापडलं, तर पुढचा प्रश्न येतो, गांभीर्य किती? वरच्या टोकाला अख्खी प्रणाली मोडणारा किंवा विदा गमावणारा बिघाड, मधे ‘सामान्य’, तळाशी ‘किरकोळ’ आणि त्याच्याही खाली ‘इच्छा’. स्वतःच्या तक्रारीपुढे स्वतःच्या हाताने ‘किरकोळ’ लिहिणं हा संतपदाकडे नेणारा मार्ग असावा.

या साच्यात स्वप्नंही बसतात. उबुंटूची पहिल्या क्रमांकाची तक्रार तिच्या संस्थापकानेच, मार्क शटलवर्थने, २००४च्या ऑगस्टमध्ये लिहिली: बाजारात मायक्रोसॉफ्टचं बहुमत आहे. वर, बिघाड स्वतः पाहायचा असेल तर काय करावं, तेही दिलं होतं: जवळच्या संगणकांच्या दुकानात जा. ही तक्रार २०१३ साली बंद झाली. दुरुस्ती उबुंटूने केली नव्हती. लोक फोन आणि टॅब्लेटकडे वळले होते.

तक्रारदाराचा खरा कस लागतो तो ‘आमच्याकडे तर चालतंय’ या उत्तरापाशी. गॅरेजच्या दारात पोचताच स्कूटरचा खडखडाट बंद व्हावा, तशी ही वेळ. मग पुरावा आपणच गोळा करायचा. या प्रणाली ज्यावर उभ्या आहेत, त्या लिनक्सच्या गाभ्याची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि तिच्यात दहा हजारांवर बदल असतात. त्यातला नेमका कुठला बाधला? यासाठी ‘गिट बायसेक्ट’ आहे. मधला बदल घ्या, संगणकात बसवून पाहा, ‘बरा’ की ‘वाईट’ ते सांगा. अर्धे बदल बाद. उरलेल्यांचा मध्य घ्या, पुन्हा तेच. चौदाएक फेऱ्यांत आरोपी हाती लागतो. प्रत्येक फेरीत गाभा नव्याने घडवावा लागतो आणि तेवढ्यात चहा होतो. चौदा चहांनंतर राग शिल्लक राहत नाही. उरते ती जागरणाची झिंग.

मराठी माणसाच्या वाट्याला यात एक खास कामगिरी येते. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत जेवणाएवढा फरक आहे. एखाद्या फाँटने दुसऱ्या वाक्यातही रफार काढला, तर ते देवनागरी न वाचणाऱ्या दुरुस्तीकाराला कसं पटवायचं? ‘अर्थाचा अनर्थ झाला’ म्हणून भागत नाही. कुठले युनिकोड वर्ण कुठल्या क्रमाने टंकले ते लिहायचं, उमटलेल्या अक्षराचं चित्र जोडायचं आणि शेजारी अपेक्षित अक्षराचं चित्र. आचारी कोण आणि आचार्य कोण, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. तरीही तो चूक दुरुस्त करू शकतो. तक्रार इतकी नीट लिहिता येते, की ऐकणाऱ्याला आपली भाषा येण्याचीही गरज उरत नाही.

आणि दुरुस्ती झाली, की डेबियनच्या बदलांच्या नोंदीत आपल्या तक्रारीचा क्रमांक छापला जातो, कधीकधी नावानिशी आभारही. कटकट केल्याबद्दल लेखी आभार! आमच्या सोसायटीच्या सचिवांना ही पद्धत मी सुचवून पाहिली. त्यांनी मान डोलावली आणि विषय बदलला. नोंद ‘इच्छा’ या सदरात झाली, असं मी धरून चाललो आहे.