अक्कलकोट तेवढे बसते

ज्या चकतीला आपण सीडी म्हणतो, तिच्यावर कोणती फाइल कोठे ठेवली आहे याचे एक दप्तर असते, आणि ते दप्तर कसे लिहावे याचा जो कायदा आयएसओ 9660 या रुक्ष नावाने 1988 साली जारी झाला, तो आपल्या पहिल्याच पायरीवर असे फर्मान सोडतो, की फाइलीचे नाव रोमन लिपीच्या मोठ्या अक्षरांत, आकड्यांत किंवा अधोरेषेत असावे, ते आठ अक्षरांपुढे जाऊ नये, आणि त्यानंतर टिंब देऊन तीन अक्षरांची शेपटी जोडावी. सोलापूर जिल्ह्याचे अकरा तालुके या फर्मानाखाली एकेक करून हजर केले, तर माढा, मोहोळ, बार्शी, करमाळा आणि सांगोला ही मंडळी सहीसलामत सुटतात; अक्कलकोट नेमके आठ अक्षरांत बसते, ही स्वामींचीच कृपा म्हणावयाची; माळशिरसचा शेवटचा 'स' जप्त होतो; पंढरपुराची 'पंढर्प' अशी विटंबना होते; मंगळवेढे 'मंगळवे'वर अडखळते; उत्तर सोलापूर 'उत्तरसोल' म्हणून कसेबसे तग धरते, आणि दक्षिण सोलापूर 'दक्षिण्स' या नावाने एखाद्या विलायती पेढीसारखे मिरवू लागते.

हा कायदा करणारी मंडळी मोठी गंभीर प्रकृतीची असतील, असा कोणाचाही समज होईल. परंतु त्याचा मूळ मसुदा ज्या बैठकीतून निघाला, ती 1985 साली अमेरिकेत ताहो सरोवराकाठच्या हाय सिएरा नावाच्या हॉटेलात भरली होती, जेथे जुगाराचीही उत्तम सोय होती, आणि मसुद्याचे नावही त्या हॉटेलावरूनच पडले. पुढे युनिक्सवाल्यांनी लांब नावांसाठी व फाइलींच्या मालकी हक्कांच्या नोंदींसाठी जी पुरवणी जोडली, तिला 'ब्लेझिंग सॅडल्स' या 1974 सालच्या विनोदी चित्रपटातील रॉक रिज या गावाचे नाव दिले. आणि चकतीवरूनच संगणक सुरू करण्याच्या पद्धतीला तर एल टोरिटो या खाणावळीचे! आमच्या नव्या पेठेत ही बैठक भरली असती, तर साऱ्या जगाच्या संगणकांनी आज शेंगाचटणीच्या एखाद्या दुकानाचे नाव आदराने उच्चारले असते, आणि मला त्यात काहीही गैर वाटत नाही.

आमचा भाचा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात होता व लिनक्सच्या नादी नुकताच लागला होता, त्या काळात घरात एक लग्न झाले, आणि छायाचित्रांची चकती करण्याची कामगिरी अर्थातच त्याच्याकडे गेली. मायक्रोसॉफ्टच्या 1995 सालच्या जोलिएट पुरवणीत चौसष्ट अक्षरांचे नाव चालते आणि देवनागरीही चालते, हे मी त्याला सुचवून पाहिले. परंतु तेथे काना, मात्रा, वेलांटी व पाय मोडण्याची खूण यांचा हिशेब स्वतंत्र होत असल्यामुळे, नुसते 'श्रीक्षेत्र' एवढे लिहिताच अकरा जागा खर्ची पडतात, असे सप्रमाण दाखवून त्याने माझी सूचना दप्तरी दाखल केली.

"मामा, दुरुस्त्या कशाला करत बसायच्या? दप्तरच बदलतो," तो म्हणाला.

त्याची तजवीज अशी, की लिनक्सच्या हार्ड डिस्कवर चालणारे ईएक्सटी2 हे दप्तर जसेच्या तसे चकतीवर उतरवावयाचे. एकदा लेझरने भाजलेली जागा कोऱ्या सीडीवर पुन्हा लिहिता येत नाही, म्हणून आधी सगळे दप्तर हार्ड डिस्कवर एका अखंड प्रतिमेच्या रूपाने तयार करावे आणि मग एका दमात भाजून काढावे. मात्र चकतीचा प्रत्येक खंड 2048 बाइटांचा असल्यामुळे दप्तराचे खंड त्याहून लहान ठेवून चालत नाही, ठेवल्यास लिनक्सही ती चकती दाखल करून घेण्यास साफ नकार देते. या सर्व अटी पाळून, 'मंगळवेढ्याच्या मामेसासूबाई जेवताना' अशी भरघोस नावे असलेली त्याची चकती त्याच्या संगणकावर डौलाने उघडली, आणि तिच्या प्रती पाहुण्यांना पोस्टाने रवाना झाल्या.

पाहुण्यांपैकी लिनक्स कोणाकडेही नव्हते. प्रत्येकाच्या विंडोजने ही चकती वाचण्याजोगी नसल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. बार्शीहून तक्रार आली, पंढरपुराहून कैफियत आली, आणि मंगळवेढ्याने तर नवऱ्याकडच्यांचे फोटो मुद्दाम पुसले गेल्याचा संशय मध्यस्थांमार्फत कळविला.

शेजारचे अण्णा, ज्यांची हयात चादरींच्या जॅकार्ड मागावर गेली, ते तेव्हा आमच्या ओट्यावर बसले होते. जॅकार्डमध्ये चादरीवरचे नक्षीकाम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत उतरवलेले असते. भोक असेल तेथे ताणा उचलला जातो, नसेल तेथे तसाच राहतो. चकतीवर सारी माहिती बिनचूक आहे, फक्त इतरांच्या यंत्रांना ती वाचता येत नाही, हा भाच्याचा खुलासा त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "पुठ्ठे चांगलेच पंच केले म्हण की. पण माग कुणाचा आहे ते आधी बघायचं का नाही ओ?"

भाचा असल्या उलटतपासणीने खचणारा नव्हता. आयएसओच्या कायद्याने चकतीचे पहिले सोळा खंड मोकळे सोडलेले असतात, आणि त्याच मोकळ्या जागेचा फायदा घेऊन मॅकिंटॉशचे दप्तर व सरकारमान्य दप्तर अशी दोन दप्तरे एकाच चकतीवर नांदवलेली आहेत, हा शोध त्याला लागला होता. तेव्हा आपलेही दप्तर तेथे शिरकाव करील, या उमेदीने त्याने कोऱ्या चकत्यांची नवी चळत आणली, जिच्या पैशांविषयी माझ्याकडे सूचक दृष्टीने पाहण्यात आले.

दरम्यान आमच्या वहिनीने मूळ फोटो पेनड्राइव्हवर घेऊन परस्पर स्टुडिओ गाठला, सगळे कागदावर छापून आणले, आणि प्रत्येकाच्या पाठीवर बॉलपेनने, कोण डावीकडून तिसरे, कोण कोणाची जाऊ, कोणी आहेर काय केला, असे नाव म्हणून जे जे सुचले ते चारी कोपरे भरेपर्यंत लिहून पाकिटे रवाना केली. मंगळवेढ्याचा संशय तत्काळ मावळला. भाच्याला मात्र त्या पाठींवरचा मजकूर इतका मोलाचा वाटला, की पाकिटे परत मागवून दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात व चकतीवर घालाव्यात असा त्याचा आग्रह आहे. दप्तर कोणते वापरावे, एवढाच प्रश्न तूर्त विचाराधीन आहे.