दोन भावांचे घर

मराठवाड्यातल्या प्रत्येक शहरात पावतीराव असतो, पण जालन्याचा पावतीराव त्यात अव्वल. वय साठीच्या पुढे, नोकरी बियाण्यांच्या कंपनीत नाहीतर जिल्हा परिषदेत झालेली, घर स्वतःचे, आणि घरापेक्षा जास्त जपलेली एक फाईल. तिच्यात घरपट्टीच्या पावत्या सालवार टोचलेल्या असतात; खाली नगरपालिकेच्या, वर महानगरपालिकेच्या. मालकाच्या रकान्यात अजून वडिलांचेच नाव आहे, कारण नाव लावायला गेले की कोणीतरी टेप घेऊन घर मोजायला येईल, ही त्याची जुनी धास्ती. मार्च लागला, थकबाकीदारांना इशारे देणारी भोंग्याची रिक्षा गल्लीत फिरू लागली, की पावतीराव फाईल उघडतो, सगळ्यात जुनी पावती आणि यंदाचे बिल शेजारी शेजारी धरतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, "बोला, घर तेच, भिंती त्याच, मग पट्टी कामून वाढली?" समोरचा चुकचुकतो, चहा होतो, महापालिकेचा उद्धार होतो. पावतीरावाच्या लेखी त्या दोन कागदांनी लूट सिद्ध झालेली असते. माझ्या मते त्या फाईलीतून भलतेच काही सिद्ध होते, आणि ते पाहायचे तर त्याने अंगठ्याखाली दाबून धरलेल्या मधल्या पावत्या बघाव्या लागतात.

मधल्या पावत्या फार कंटाळवाण्या असतात. एका सालची रक्कम तीच दुसऱ्या साली, तीच तिसऱ्या साली. बदलतो तो फक्त वसुली लिपिकाच्या सहीचा फराटा. असे बरीच वर्षे चालते आणि मग एका साली आकडा एकदम उडी मारतो. त्यानंतर पुन्हा सामसूम. घरपट्टी दरवर्षी वाढते ही समजूतच खोटी. ती झोपते आणि दचकून उठते. कायद्याला हे अपेक्षित नव्हते. १९६५ चा नगरपरिषद कायदा घ्या, किंवा २०२३ मध्ये जालना राज्यातली २९ वी महापालिका झाल्यावर लागू झालेला १९४९ चा महापालिका कायदा घ्या. दोघांचे सांगणे एकच, की करयोग्य मूल्याची यादी दरवर्षी नव्याने करायची गरज नाही, पण चार वर्षांतून एकदा तरी ती झालीच पाहिजे. कचेरीच्या भाषेत ही चतुर्वार्षिक आकारणी. आपल्याकडच्या नगरपालिकांची अडचण अशी, की चार वर्षे भरतात तेव्हा नेमकी निवडणूक तोंडावर आलेली असते. निवडणूक नसेल तर माणसे नसतात, माणसे असतील तर मोजणीचा ठेका अडकलेला असतो, आणि सगळे जमून नोटिसा निघाल्याच तर हरकतींचा ढीग पडतो, शिष्टमंडळ मुंबईला जाते आणि स्थगिती घेऊन येते. त्या शिष्टमंडळाच्या फोटोत मागच्या रांगेत, फाईल छातीशी धरून, पावतीराव उभा असतो.

या झोपेचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. समजा, एका घराची पट्टी हजार रुपयांवर वीस वर्षे थांबली. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर विसाव्या वर्षाअखेर त्या हजाराची किंमत सुरुवातीच्या तीनशे बारा रुपयांएवढी उरते. म्हणजे पट्टी वाढली नाही एवढेच नव्हे, ती दरवर्षी गुपचूप उतरत गेली. ही सवलत पावतीरावाने पुरेपूर उपभोगली. पण ती कुठल्याच पावतीवर छापलेली नसल्याने त्याने तिची नोंद घेतली नाही. हीच पट्टी दर चार वर्षांनी सव्वापटीहून थोडी जास्त होत गेली असती, तर त्याने कुरकुरत भरली असती. वीस वर्षांनी ती एकदम सव्वातीनपट होते, तेव्हा तो मोर्चा काढतो. शेवटचा आकडा दोन्हीकडे जवळपास तोच. उलट झोपेच्या काळात त्याने एकूण पैसे कमीच भरलेले. तरीही त्याचा संताप मला ढोंगी वाटत नाही. पेन्शनीत घर चालवणाऱ्याला एका वर्षात तिपटीचा धक्का हा धक्काच असतो. फक्त तो धक्का वाढीने दिलेला नसून झोपेने दिलेला आहे, आणि ती झोप लांबावी म्हणून मुंबईला कोण गेले होते, हे फोटोत दिसतेच आहे.

आता पावतीरावाच्या खऱ्या कौशल्याकडे वळू. त्याच्या घराला दोन भाव आहेत आणि कोणता केव्हा सांगायचा, यात त्याची चूक होत नाही. दारात गिऱ्हाईक आले, मुलाची सोयरीक निघाली किंवा भावकीत वाटणीचा विषय आला, की ती चार खोल्यांची वास्तू सोन्याचा तुकडा होते. जालना सोने का पालना, हे तो अशा वेळी न विसरता म्हणतो. १ मे १९८१ ला जिल्हा झाला तेव्हापासूनचा चढता आलेख तो तोंडपाठ सांगतो: स्टीलचे कारखाने, मोसंबीचा बाजार, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची इथली शाखा, ड्रायपोर्ट, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्प्याने सुरू झालेला समृद्धी महामार्ग, आणि २०२३ सरता सरता सुटलेली मुंबईची वंदे भारत. ती गाडी जणू त्याच्या ओट्यावरूनच सुटते. पण त्याच ओट्यावर कर विभागाचा माणूस वही घेऊन उभा राहिला, की घर पाच मिनिटांत शंभर वर्षांनी म्हातारे होते. "साहेब, इथं कोण येतंय भाड्यानं? भिंतीला ओल, नाली तुंबलेली, कारखान्याचा धूर खिडकीतून आत." समृद्धी महामार्ग त्या क्षणी फार लांबून, बहुधा दुसऱ्या जिल्ह्यातून जाऊ लागतो. बँकेत तारण ठेवताना आणखी एक तिसरा भाव निघतो, पण तो खासगी समजावा.

हे नाटक त्याला कायद्यानेच शिकवले आहे. करयोग्य मूल्य काढायची रूढ पद्धत अशी: हे घर भाड्याने दिले तर वाजवी भाडे किती येईल ते धरायचे, बारा महिन्यांची बेरीज करायची, दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे. महिना दोन हजार भाडे धरले तर वर्षाचे चोवीस हजार, वजावट जाऊन एकवीस हजार सहाशे; त्यावर ठरलेले टक्के लावले की झाली पट्टी. यातले भाडे कोणी दिलेले नाही, कोणी घेतलेले नाही. जे घडलेच नाही त्याची किंमत एकाने अंदाजायची आणि दुसऱ्याने नाकारायची, म्हटल्यावर दोघेही नट होणारच. भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडीरेकनरच्या दरावर कर लावला की हे संपेल असे काहींना वाटते. मुंबईने २०१० पासून तो मार्ग धरला. त्यातले काही नियम २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले. पावतीराव भूतलावरून नाहीसा व्हावा, अशी पद्धत अजून निघायची आहे.

बिलातल्या किरकोळ रकान्यांवर त्याचा निराळा राग. शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन, सफाई. झाड दाखवा मग कर घ्या, हा त्याचा ठरलेला विनोद, आणि जालन्याच्या एप्रिलमध्ये तो अगदीच वाया जात नाही. रोजगार हमी कर मात्र त्याच्या घराला नाही. शहरात तो बिगरनिवासी मिळकतीवर असतो. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या योजनेसाठी सदर बाजारातल्या दुकानदाराने पैसे द्यावेत आणि परतूर-मंठ्याकडच्या मजुराला काम मिळावे, अशी ती रचना. माझ्या मते महाराष्ट्राने लावलेल्या चांगल्या करांपैकी एक. पावतीरावाच्या पुढच्या खोलीत मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे तो करही त्याच्याकडे यायला हवा होता. वही घेतलेल्या माणसाला मात्र ते "पोराचं बसायचं ठिकाण" म्हणून दाखवले जाते.

आता त्याच्या हरकती, कारण त्या ऐकल्याशिवाय निकाल देणे बरे नाही. पहिली पाण्याची. "नळाला पाणी हाये का? मग पट्टी कशाची?" पाणीपट्टीचा रकाना वेगळा, घरपट्टीचा वेगळा, हे तांत्रिक उत्तर झाले, २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागे घागर घेऊन पळालेल्या गावाला ते देण्यात अर्थ नाही. घाणेवाडीचा तलाव आणि जायकवाडीची पाइपलाइन असूनही नळ कित्येक दिवसांआड येतो, ही तक्रार खरीच आहे. पण तिच्यातून पट्टी न वाढवण्याचा निष्कर्ष निघत नाही. जकात गेल्यानंतर, म्हणजे नगरपालिकांपुरते १९९९ पासून, शहराच्या हातात स्वतःचा म्हणावा असा मोठा कर घरपट्टीच उरला. बाकी सगळे वरून येणारे अनुदान. वरच्यांनीही आता अट घातली आहे: पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानासाठी मालमत्ता कराचा किमान दर ठरवणे आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या गतीने वाढवणे बंधनकारक केले. म्हणजे पट्टी झोपवली की नळासाठी यायचे पैसेही अडतात. आधी पाणी की आधी पट्टी, यावर महापालिकेने आधी हलावे असे माझे मत आहे, कारण जप्तीचा अधिकार तिच्याकडे आहे, पावतीरावाकडे नाही.

दुसरी हरकत अधिक वजनदार. राहते घर उत्पन्न देत नाही. जागेचा भाव वाढला म्हणून पेन्शन वाढली नाही. हे मान्य. पण यावर इलाज उघड सवलतीचा असतो. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला १९७० पासून चाळीस टक्के सवलत होती. मध्ये ती काढली गेली, आरडाओरडा झाला आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ती परत दिली. मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. या सवलती बऱ्या की वाईट यावर वाद घालता येतो, कारण त्या दिसतात. आकारणी न करून दिलेली सवलत दिसत नाही, आणि ती गरीब-श्रीमंत न बघता सगळ्यांनाच मिळते. किंबहुना ज्याच्या जागेचा भाव जास्त वाढला त्याला जास्त मिळते. हा आळस फक्त आपलाच नव्हे. इंग्लंडमध्ये घरांचा स्थानिक कर अजून १ एप्रिल १९९१ च्या किमतींवर बेतलेला आहे. कॅलिफोर्नियात १९७८ च्या सार्वमताने करापुरते घराचे मूल्य वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचे नाही असे ठरले आणि ते विक्रीपर्यंत तसेच राहते. त्यामुळे एकसारख्या दोन घरांत जुना मालक थोडा कर भरतो आणि शेजारी नवा आलेला कैकपट. तिथला पावतीराव खूश असतो, एवढाच फरक.

तिसरी हरकत शेजाऱ्याची, आणि इथे मी पूर्णपणे त्याच्या बाजूने आहे. परवानगी घेऊन बांधले की नोंद होते, न घेता मजला चढवला की वर्षानुवर्षे तो कागदावर उगवतच नाही. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेला अंदाज असा होता, की बंगळुरू आणि जयपूर ही शहरे मिळू शकणाऱ्या मालमत्ता कराच्या पाच ते वीस टक्केच गोळा करतात. मोठ्या शहरांची ही गत, तर जालन्याच्या गल्ल्यांत काय दडले असेल ते समजण्यासारखे आहे. त्यात थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती. पाच हजारांची बाकी पन्नास महिन्यांत दुप्पट होते, मग एक दिवस अभय योजना येते आणि शास्ती माफ. मुदतीत भरणाऱ्या पावतीरावाच्या हातात तेव्हा फाईल तेवढी असते. त्याने अशा वेळी तोंड सोडले तर त्याला अडवू नये.

म्हणून महापालिकेला सांगणे एवढेच, की चार वर्षांची आकारणी चार वर्षांनी करा, मागची कोणत्या साली झाली ते बिलावर छापा, आणि सवलत द्यायची तर ठराव करून नावानिशी द्या. पावतीरावांनी पुढच्या वेळी मुदतीत हरकत नोंदवावी, सुनावणीला मधल्या पावत्याही न्याव्यात आणि वडिलांच्या जागी आपले नाव लावून घ्यावे. मोजणीला माणूस येईल. आला की त्याला आधी शेजाऱ्याचा मजला दाखवावा आणि मग, तेवढ्याच उत्साहाने, आपल्या गच्चीवरचे पत्र्याचे शेड.