समारंभी दर्जाची हिरवी पूड

माचाच्या डब्यावर ‘सेरेमोनियल ग्रेड’ असं छापायला काय काय लागतं, याची यादी फार लांब नाही. शाई लागते. परवाना लागत नाही, प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही, चहा चाखून शिक्का मारणारा अधिकारी लागत नाही. हा चहा ज्या जपानमध्ये पिकतो तिथल्या कायद्यात अशी प्रतवारी नाही. आपल्याकडे तर नाहीच. माचा म्हणजे नेमकं काय, हे सांगणारा एक तांत्रिक अहवाल आयएसओने २०२२ साली काढला, पण अहवाल तो अहवालच. तो मोडला म्हणून कुणाचा डबा जप्त होत नाही. असं असूनही मुंबई-पुण्यात, बंगळुरात, लंडनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये हिरव्या पुडीचा जो डबा हाती येतो तो बहुधा समारंभीच असतो. निकृष्ट माचा जगात कुणी विकतच नाही, असा निष्कर्ष यातून काढता येईल. माझा निष्कर्ष थोडा वेगळा आहे: ही प्रतवारी खरी आहे, काटेकोर आहे, फक्त ती गिऱ्हाइकाची आहे. सेरेमोनियल डबा घेणारा माणूस सेरेमोनियल दर्जाचा ठरतो, आणि त्या दर्जाचे पैसे तो आनंदाने मोजतो.

म्हणून चहाला प्रत नसतेच, असं कुणी समजू नये. प्रतीची इतकी चिकित्सा व्हावी असे पदार्थ थोडेच. तोडणीच्या आधी तीनेक आठवडे चहाच्या झुडपांवर आच्छादन घालतात. पूर्वी बोरू आणि भाताचा पेंढा असे, आता बहुतेक ठिकाणी काळं कृत्रिम कापड. ऊन अडलं की पानातलं गोडवा देणारं थिआनिन टिकून राहतं. उन्हात वाढलेल्या पानात त्याचं कॅटेचिन होतं, आणि कॅटेचिन म्हणजे तुरटपणा. सावलीत हरितद्रव्यही वाढतं, तो झगझगीत हिरवा रंग त्याचाच. मग पाला वाफवायचा, न वळता तसाच वाळवायचा, देठ आणि शिरा काढून टाकायच्या; उरतो तो तेंचा. तेंचा दगडी जात्यात दळला की माचा. वसंतातल्या पहिल्या तोडणीचा पाला कोवळा, पुढच्या तोडण्यांचा जून आणि कडवट. हाताने खुडलेला वेगळा, यंत्राने कापलेला वेगळा. असाही, सामिदोरी, ओकुमिदोरी या वाणांचे स्वभाव वेगळे. त्यावर व्यापारी निरनिराळ्या मळ्यांचा तेंचा मिसळून दरवर्षी तीच चव जमवतो, हे कसब आणखी निराळं. चांगला माचा जिभेवर दाट आणि गोडसर उतरतो, मागे समुद्री शेवाळाची आठवण ठेवतो. हलका माचा रंगाला पिवळट, वासाला वाळल्या गवताचा, चवीला सरळ कडू. डोळ्यांना, नाकाला, जिभेला कळावा असा हा फरक आहे. डब्यावर यातलं काय असतं? तोडणी कोणती, वाण कोणता, दळला कधी, हे शोधायला भिंग घ्यावं, आणि भिंगातूनही ‘सेरेमोनियल’च दिसावं.

‘दगडी जात्यावर दळलेला’ हे डब्यावरचं दुसरं लाडकं वाक्य. ग्रॅनाइटचं जातं सावकाश फिरवावं लागतं, कारण घाई केली की पूड तापते आणि वास उडतो. एका जात्यातून तासाला तीस-चाळीस ग्रॅम पूड पडते. जपानमध्ये २०१० साली १,४७१ टन तेंचा निघाला होता, २०२३ साली ४,१७६ टन. चाळीस ग्रॅमच्या हिशेबाने २०२३चा सगळा तेंचा दळायचा तर जवळजवळ बारा हजार जाती वर्षभर, रात्रंदिवस, सणवार न पाळता फिरवावी लागतील. (जाती हे इथे जात्याचं अनेकवचन आहे, दुसऱ्या जातींचा विषय वर येऊन गेलाच.) यात चीनच्या ग्वीचौ आणि चच्यांग प्रांतांतला माचा धरलेला नाही. बारा हजार जाती कुठेतरी फिरतही असतील, मी नाही म्हणत नाही. पण बॉल मिल आहेत, हवेच्या झोताने दळणारी यंत्रं आहेत, ती याच्या कितीतरी पट पूड काढतात, आणि ती बंद पडल्याची बातमी नाही. शिवाय आत टाकलेला पाला तेंचा होता की उन्हात वाढलेला साधा सेंचा, हे जातं विचारत नाही. जे येईल ते दळतं.

यावर पहिला आक्षेप असा की जपानी लोकही प्रतवारी करतातच. करतात, पण वापरावरून. माचा पिण्याच्या रीती दोन. उसुचा म्हणजे पातळ चहा: दोनेक ग्रॅम पूड साठ-सत्तर मिलिलिटर गरम पाण्यात चासेन नावाच्या बांबूच्या रवीने फेसाळायची. कोइचा म्हणजे दाट चहा: पूड दुप्पट, पाणी जवळजवळ निम्मं, फेस न काढता घोटायचं. दाट चहात कडवटपणाला लपायला जागा नसते, म्हणून कोइचाला चालतो तो माचा वरचा. त्याचा पातळ चहा करता येतो. उलट केलं तर तोंड वाकडं होतं. उजी, निशिओ, यामे इथले व्यापारी आपापल्या मिश्रणांना नावं देतात, आणि कोणतं दाट चहाचं, कोणतं पातळ चहाचं, हे सांगून किमतीच्या उतरंडीने मांडतात. तिथे मोठेपणाचा सोस नाही, असं मुळीच नाही. उरासेन्के, ओमोतेसेन्के या चहाच्या घराण्यांचे प्रमुख आपल्या पसंतीच्या मिश्रणाला नाव देतात, आणि गुरूच्या पसंतीचा चहा शिष्य घेतो, हे काही जपानचंच वैशिष्ट्य नव्हे. प्रतिष्ठा तिथेही विकली जाते. पण त्या प्रतिष्ठेमागे एक पेढी असते, एक माणूस असतो, आणि चहा वाईट निघाला तर त्याचं नाव खराब होतं. ‘सेरेमोनियल’च्या मागे कुणीच नाही, त्यामुळे ते नाव कधी खराबच होत नाही. व्यापाराच्या दृष्टीने याहून निर्धोक नाव सापडणं कठीण.

बरं, समारंभाचीच साक्ष काढायची तर तीही काढू. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८६ साली सोन्याने मढवलेली, उचलून नेता येणारी चहाची खोली सम्राटाच्या वाड्यात मांडली. पुढच्याच वर्षी क्योतोच्या कितानो देवस्थानाच्या आवारात त्याने चहाचा प्रचंड मेळा भरवला. सेन नो रिक्यू हा त्यातल्या चहाच्या आचार्यांपैकी एक. फर्मान असं होतं की नोकर असो, शेतकरी असो, किटली आणि वाडगा घेऊन यावं. चहा नसेल तर भाजलेल्या धान्याचं पीठ आणलं तरी चालेल. जपानच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या चहासमारंभात पीठ चालत होतं, ही गोष्ट डबेवाल्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. आली तर पुढचा सेरेमोनियल डबा सातूच्या पिठाचा निघेल, आणि त्यावरचं लेबल इतिहासाला धरून असेल. रिक्यूचा स्वतःचा ओढा दोन तातामी चटया मावतील एवढ्या खोलीकडे आणि काळ्या, साध्या वाडग्याकडे होता. आजच्या डब्यात नाव त्याचं आणि खोली हिदेयोशीची, अशी वाटणी झाली आहे.

‘चव ज्याची त्याची, तिला प्रमाण कसलं?’ असं म्हणणाऱ्यांनी आणखी मागे जावं. चौदाव्या शतकात जपानी सरदार तोचा नावाच्या पैजा लावत: तोगानोच्या मळ्याचा अस्सल चहा कोणता आणि बाहेरचा कोणता, हे नुसतं पिऊन ओळखायचं. हा नाद इतका बोकाळला की १३३६च्या केन्मू संहितेने चहाच्या मेळाव्यांच्या नावाखाली चालणाऱ्या जुगाराला बंदी घातली. जुगार वाईटच, त्याची भलामण करण्याचा हेतू नाही. पण त्या जुगाऱ्यांना पैसे जिंकायचे तर चव ओळखावी लागत असे. आजच्या गिऱ्हाइकाला फक्त लेबल ओळखावं लागतं, आणि पैसे तर तो हरतोच.

डब्याच्या पाठीमागे आरोग्य असतं. हिरव्या चहापेक्षा १३७ पट अँटिऑक्सिडंट, हा आकडा माचाबरोबर जगभर फिरतो. २००३ साली रसायनशास्त्राच्या एका नियतकालिकात आलेल्या अभ्यासातला तो आकडा. त्यात मोजलं होतं ईजीसीजी हे एक कॅटेचिन, आणि १३७ पट हा फरक होता एका विशिष्ट ब्रँडच्या एका हिरव्या चहाशी. इतर हिरव्या चहांच्या आधी नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याशी ताडलं तर माचा निदान तिप्पट भरतो, हेही त्याच अभ्यासात आहे. तिप्पटही काही कमी नाही, पण ते डब्यावर शोभत नाही. खरी गंमत पुढेच आहे. कॅटेचिन वाढतं उन्हाने, आणि सावली धरतात ती मुळात ते वाढू नये म्हणून. म्हणजे माचा जितका कोवळा, गोड आणि वरच्या प्रतीचा, तितकं त्यात कॅटेचिन कमी असण्याचा संभव जास्त. ते हवं तर उन्हाळी तोडणीची, ‘स्वयंपाकाची’ म्हणून हिणवलेली कडू पूड प्यावी. पुढून समारंभ आणि मागून अँटिऑक्सिडंट, हे दोन दावे एकमेकांच्या मुळावर उठलेले आहेत. एकाच डब्यावर ते गुण्यागोविंदाने नांदतात, कारण डबा फिरवून दोन्ही बाजू एकत्र वाचायची पद्धत नाही.

लेबल खोटं बोलेल, पण किंमत खोटं बोलत नाही, असं अर्थशास्त्राचा अभिमान असलेले लोक सांगतात. किंमत बोलते खरी, पण टंचाईबद्दल. ऑक्टोबर २०२४मध्ये इप्पोदो आणि मारुक्यू-कोयामाएन या क्योतो परिसरातल्या जुन्या पेढ्यांना माचाच्या खरेदीवर मर्यादा घालाव्या लागल्या. मे २०२५मध्ये क्योतोच्या लिलावात तेंचाचा सरासरी भाव किलोला ८,२३५ येन निघाला, आदल्या वर्षीपेक्षा १७० टक्क्यांनी अधिक. पाल्याची चव वर्षभरात १७० टक्क्यांनी सुधारल्याचं उजीच्या कुठल्या शेतकऱ्याने म्हटल्याचं ऐकिवात नाही. गावाच्या नावाचा आधारही जपूनच घ्यावा. ‘उजी’ या नावाखाली क्योतोबरोबर नारा, शिगा आणि मिए या शेजारच्या प्रांतांतला चहाही येतो. शेवटचे संस्कार क्योतोत झाले की झालं. पेटीवर देवगड आणि आंब्याखाली कानडी वर्तमानपत्र, हे ज्याने पाहिलं आहे त्याला यात नवल वाटणार नाही. फरक असा की उजीच्या चहावाल्यांनी २००४ साली ही व्याख्या उघड लिहून ठेवली. आपल्याकडे ती रद्दीतून शोधावी लागते.

एक आक्षेप खवचट आहे, पण त्याला उत्तर दिलंच पाहिजे: डस्ट उकळून त्यात आलं, साखर, दूध घालणाऱ्यांनी माचाच्या प्रतीवर बोलावं का? आपणच बोलावं. काळ्या चहाच्या व्यापारात दार्जिलिंगवाले एसएफटीजीएफओपी इतकी अक्षरं पानाला लावतात, पण ती पानाच्या आकाराची आणि कोंबांची असतात. चवीची हमी त्यात नसते, म्हणून मोठा खरेदीदार ती अक्षरं वाचून थांबत नाही. लिलावाआधी चहा चाखतो. शिडीच्या तळाला डस्ट, आणि पुडक्यावर डस्ट असंच छापतात. पुण्यात त्याच डस्टच्या चहाला अमृततुल्य म्हणतात, हे कबूल. पण ती पाटी दुकानावर असते, गोणीवर नसते, आणि पाटीकडे बोट दाखवून कुणी कपाचा भाव चौपट करत नाही.

राहिला सर्वांत समंजस आक्षेप. सेरेमोनियल म्हणजे नुसत्या पाण्यात पिण्याचा आणि कलिनरी म्हणजे दुधात, केकात, आइस्क्रीममध्ये घालण्याचा, एवढी ढोबळ खूण तरी या नावांनी पटते. परक्या मुलखातल्या नवख्या माणसाला तेवढी पुरे. हे मला मान्य आहे. मान्य आहे म्हणूनच ते शेवटपर्यंत नेऊन बघावं. कॅफेत माचा बहुतेक जण पितात तो लाटे म्हणून, दूध, बर्फ आणि व्हॅनिलाच्या पाकासकट. थिआनिनचा तो नाजूक गोडवा दुधाखाली आणि पाकाखाली बुडतो. दुधाला पुरून उरतो तो कडवटपणा आणि तुरटपणा, आणि ते स्वस्त पुडीत भरपूर असतात. त्यातून माचाला उजेड, हवा आणि उष्णता तिन्हींचं वावडं, तर कॅफेत तो काचेच्या बरणीत दिव्याखाली मांडलेला. म्हणजे त्यांच्याच व्याख्येप्रमाणे लाटेत सेरेमोनियल माचा घालणारा कॅफे एक तर उधळपट्टी करतो, नाही तर खोटं बोलतो; त्यांचा नफा पाहता उधळपट्टीचा आरोप मी करणार नाही. प्रामाणिक कॅफेने फळ्यावर खडूने लिहावं: इथे स्वयंपाकाच्या प्रतीचा माचा वापरतात, दुधात तोच चांगला लागतो, म्हणून भाव निम्मा. तिथला लाटे बहुधा गल्लीत सर्वांत चांगला लागेल, आणि सगळं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात रांगेत उभं असेल.